वाकडं ते वाकडंच काढा: सॉमरसेटमधल्या एका जुन्या इनची मोजणी

जुनी इमारत हाताने मोजायला घेतली की टेप लगेच पिशवीतून काढायचा नसतो. आधी फिरायचं, बसायचं, कोपऱ्याकोपऱ्यातून बघायचं आणि दिसेल ते कच्चं रेखाटत राहायचं. मी बाथ विद्यापीठात ऐतिहासिक इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेत होते, तेव्हा आमचे मार्गदर्शक यावर अडूनच बसायचे. त्यांचं दुसरं सांगणं त्याहून महत्त्वाचं होतं: भिंत वाकडी असेल तर कागदावर ती वाकडीच आली पाहिजे. ती सरळ करायचा मोह कॉम्प्युटरवर फार होतो, कारण तिथे सरळ रेघ विनासायास मिळते. पण जुन्या इमारतीत वाकडेपणाला कारण असतं, आणि इमारत कधी, कशी, कुणासाठी बदलली हे पुष्कळदा त्या कारणातूनच कळतं.

मी मोजलं ते सॉमरसेट आणि विल्टशरच्या सीमेवरच्या एका खेड्यातलं इन. मालकांचं कुटुंब तिथेच वरच्या मजल्यावर राहतं, म्हणून गावाचं नाव देत नाही. मात्र ते समजून घ्यायला ज्या दोन प्रसिद्ध इमारतींचा मला उपयोग झाला, त्यांच्याबद्दल नावानिशी लिहिते आहे.

इन ही दारू पिण्याची कुठलीही जागा नव्हे. गावातलं एलहाउस म्हणजे बहुतेकदा कुणाचं तरी राहतं घर असायचं. घरची बाई एल, म्हणजे बिअरसारखी दारू, गाळायची आणि पुढच्या खोलीत बाकं टाकून विकायची. त्याला वेगळी वास्तू लागत नसे. इनला मात्र लागायची. प्रवाशाला जेवण आणि निजायला खोली, घोड्याला पागा आणि चारा, बरोबरच्या मालाला सुरक्षित जागा, एवढं तिथे मिळायला हवं. म्हणून रस्त्यावरून गाडी आत जाईल अशी कमान, मागे आवार, आवाराभोवती पागा आणि कोठारं, वर खोल्या, आणि खोल्यांकडे जायला आवारावरून लाकडी सज्जा. १९६१ मध्ये विल्यम पँटिन या इतिहासकाराने मध्ययुगीन इनचे दोन मुख्य प्रकार मांडले: एकात आवार चारी बाजूंनी खोल्यांनी वेढलेलं, दुसऱ्यात रस्त्यालगत मुख्य इमारत आणि तिच्या पोटातून मागे जाणारी वाट. खेड्यात सापडतात ती इन बरीचशी दुसऱ्या प्रकाराजवळ जाणारी असतात.

कामाला लागण्याआधी आम्हाला नॉर्टन सेंट फिलिपला पाठवलं गेलं. बाथच्या दक्षिणेला, फ्रोमच्या वाटेवर हे छोटं गाव आहे आणि तिथल्या जॉर्ज इनला इंग्लंडमधला सर्वांत वरचा, म्हणजे पहिल्या श्रेणीचा संरक्षित दर्जा आहे. सगळ्या संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के इमारतींना हा दर्जा मिळालेला आहे. खेड्यातल्या इनला तो मिळावा ही मोठी गोष्ट.

जॉर्जची मुळं लोकरीत आहेत. सॅलिसबरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये जवळच हिंटन इथे कार्थुसियन साधूंचा मठ स्थापन केला. हे साधू मौन पाळणारे, आपापल्या कोठडीत एकांतात राहणारे. पण मठाला उत्पन्न लागतंच, आणि त्या प्रदेशात उत्पन्न म्हणजे मेंढ्या. नॉर्टनला तेराव्या शतकाच्या अखेरीपासून लोकरीची जत्रा भरू लागली, ती थेट १९०२ पर्यंत भरत होती. मठाने चौदाव्या शतकात तिथे ही इमारत बांधली: लोकर साठवायला, आणि जत्रेला येणारे व्यापारी उतरवायला. पंधराव्या शतकात तिच्यावर लाकडी सांगाड्याचे मजले चढले.

रस्त्याच्या पलीकडे उभं राहिलं की हे सगळं एका नजरेत दिसतं. तळमजला दगडी, मधोमध कमानीचं दार. त्यावर पहिला मजला लाकडाचा, दगडी भिंतीच्या पुढे झुकलेला. दुसरा मजला त्याच्याही पुढे. लाकडाच्या उभ्या-आडव्या चौकटींमध्ये गिलाव्याचे पांढुरके तुकडे, पहिल्या मजल्यावर पुढे आलेल्या खिडक्या, वर दगडी कौलांचं जड छप्पर. मागे आवारात गेलं की जिन्याचा अष्टकोनी बुरूज आणि लाकडी सज्जा. मी तिथे बराच वेळ दगड आणि लाकूड जिथे भेटतात त्या रेषेकडे बघत बसले. खालचं बांधकाम कोठाराचं आहे, वरचं माणसांचं. जाड दगडी भिंतीत माल चोरापासून आणि आगीपासून सांभाळला जातो. माणसांना मात्र ऊब हवी, खिडक्या हव्यात, आणि रस्त्यावरच्या लोकांना दिसेल असा थाटही हवा. मठाचा कारभार बदलला, पाहुण्यांची संख्या वाढली, आणि ते सगळं त्या एका आडव्या रेषेत येऊन बसलं.

त्या आवारातून इतिहासातली बरीच माणसं गेली. डायरी लिहिणारा सॅम्युएल पीप्स १२ जून १६६८ रोजी सॅलिसबरीहून बाथला जाताना बायको आणि नोकरांसह इथे जेवला. दहा शिलिंग झाले, ही नोंद त्याने ठेवली. १६८५ च्या जूनमध्ये राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध उठाव करणारा ड्यूक ऑफ मॉनमथ बाथकडून माघार घेत आला, तेव्हा त्याच्या सैन्याचा मुक्काम या गावात होता आणि तो स्वतः जॉर्जमध्ये होता. गावाच्या गल्लीत चकमक झाली. थोड्याच दिवसांनी सेजमूरला त्याचा पराभव झाला. मठ मात्र त्याच्या कितीतरी आधी, १५३९ मध्येच, आठव्या हेन्रीच्या काळात बंद पडला होता. मालक गेला, इमारत राहिली. १९९८ मध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा गिलाव्याखालून मध्ययुगीन भित्तिचित्रं बाहेर आली आणि ती आता जपून ठेवली आहेत. म्हणजे सहाशे वर्षं लोक ज्या भिंतींना टेकून बसत होते, त्यांच्या पोटात काय आहे हे विसाव्या शतकाच्या शेवटी कळलं. मोजणीला निघालेल्या माणसाने हे मनात ठेवावं असं मला वाटतं.

तिथून आले ती एकच प्रश्न घेऊन: हे आधी की ते आधी? आणि हाच प्रश्न मी आमच्या छोट्या इनला पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

बाहेरून ते साधंच होतं. लांबट, दुमजली, दगडी कौलांचं. खालचा भाग दगडी, वरचा लाकडी सांगाड्याचा, पण सगळ्यावर सिमेंटचा करडा गिलावा फासलेला. उजव्या टोकाला गाडी जाण्याची कमान आणि फक्त त्या कमानीवरचाच मजला रस्त्याकडे पुढे आलेला. बाकी दर्शनी भिंत सपाट. आत मधोमध एक अवाढव्य धुराडं, त्याच्या दोन्ही बाजूंना शेकोट्या. वर नीटस खोल्या, त्यावर कुणीही न जाणारा पोटमाळा.

मालकीणबाईंकडे जुने नकाशे होते. स्वयंपाकघर वाढवायचं ठरलं तेव्हा कुणाकडून तरी करून घेतलेले. स्वच्छ, कॉम्प्युटरवर काढलेले, सगळे कोन काटकोन, सगळ्या भिंती सारख्या जाडीच्या, धुराडं म्हणजे एक काळा चौकोन. त्या नकाशावरून इमारत विकता आली असती, पण समजली नसती.

आम्ही प्लॅनपासून सुरुवात केली. लेझरने सगळ्या खोल्यांमधून जाणारी एक आडवी पातळी ठरवली आणि भिंतींवर खडूच्या बारीक खुणा केल्या; पुढची सगळी उंची त्या पातळीपासून वर-खाली मोजायची. मग प्रत्येक खोलीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण. कर्ण फार महत्त्वाचे. बाजू चारच मोजल्या तर कागदावर खोली आपोआप काटकोनी होते. कर्ण घेतला की ती खरी कशी आहे ते कळतं. एका खोलीचे दोन कर्ण हातभर वेगळे आले. पुढची आणि मागची भिंत समांतर नव्हती. कमानीकडे जाताना इमारत रुंदावत होती.

कारण रस्त्यात होतं. गावातला रस्ता त्या जागी किंचित वळतो. इनचा जुना भाग वळणाच्या आधीच्या रेषेला धरून आहे. कमानीचा भाग वळणानंतरच्या. म्हणजे दोन भाग एकाच वेळी आखलेले नाहीत. मग मी बाहेर जाऊन जोत्यापाशी, जिथे सिमेंटचा पोपडा सुटला होता तिथे, दगड नीट पाहिले. कमानीच्या डावीकडे दगडांमध्ये एक उभी सरळ रेघ होती. तिच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. जुन्या भिंतीच्या कोपऱ्याचे मोठे, घडीव दगड तिथे उभेच्या उभे होते आणि नवं काम त्यांना नुसतं येऊन टेकलं होतं. कधीकाळी इमारत तिथे संपत होती.

भारतात असताना मी मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मोजणीत हात दिला होता. तिथे मी खण मोजायला शिकले: दोन खांबांमधलं अंतर हे घराचं माप, सगळं घर त्याच्या पटीत. इंग्लंडच्या लाकडी घरांतही तसंच आहे. छताच्या दोन कैच्यांमधलं, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या दोन तिकोनी चौकटींमधलं, अंतर हा एक खण, साधारण चार-पाच मीटरचा, आणि घर म्हणजे असे इतके खण. त्यामुळे परक्या देशातल्या त्या इमारतीत शिरताना मला पहिल्यापासून हाताला काहीतरी धरायला होतं.

आता लाकूड. इंग्लंडमधले मध्ययुगीन सुतार ओक ओला असतानाच वापरत. झाड तोडलं की वर्ष-दीड वर्षात ते सांगाड्यात बसलेलं असे. ओला ओक कापायला, तासायला बरा. वाळला की तो फार कठीण होतो. खाचा पाडून, लाकडाचं टोक खाचेत बसवून, आरपार ओकच्याच खुंट्या ठोकत. मग लाकूड जागच्या जागी वाळे, आकसे, पिळा घेई, आणि सगळा सांगाडा त्याच्याबरोबर हलून घट्ट होई. आज ही घरं पाहून लोकांना वाटतं की ती म्हातारपणाने वाकली. खरं तर त्यातली बरीच पहिल्या काही वर्षांतच वाकली आणि त्यानंतर शतकानुशतकं तशीच उभी आहेत. कमानीवरच्या मजल्यावर मी ओळंबा सोडला, तेव्हा दर्शनी भिंत वरच्या बाजूला नऊ सेंटीमीटर बाहेर कललेली निघाली. हे आकडे घेताना मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. मार्गदर्शक त्यांना म्हणाले, “बाई, ही कलली असेल ती तुमच्या खापरपणजोबांच्याही आधी. आम्हाला काळजी ती आत्ता हलते आहे का याची, आणि तशी एकही ताजी भेग दिसत नाही.”

पुढे आलेला मजला कसा तोलला जातो हे सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढताना मला हाताने कळलं. खालच्या भिंतीच्या तुळईवरून कड्या, म्हणजे मजला तोलणारी आडवी लाकडं, पुढे काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करायची. वरच्या भिंतीचं वजन टोकावर पडतं आणि कडीचा मधला, खोलीतला भाग वर उचलला जायला बघतो. त्यामुळे खोलीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या भाराने कडी खाली फार झोळत नाही. खालच्या भिंतीला पावसापासून आडोसा मिळतो, वर थोडी जास्त जागा मिळते, आणि उंच अखंड खांब शोधावे लागत नाहीत. शिवाय ते महागडं काम होतं आणि रस्त्यावरच्या माणसाला ते दिसत होतं. माझ्या मते इनच्या बाबतीत हे शेवटचं कारण हलकं समजू नये. कमानीवरून पुढे झुकलेला मजला लांबून येणाऱ्या गाडीवाल्याला सांगत असणार की इथे मुक्काम मिळेल.

त्या खणातल्या कड्या आडव्या टाकलेल्या होत्या, म्हणजे रुंद बाजू खाली. जुनी पद्धत तीच. कडी उभी ठेवली तर जास्त ताकद मिळते हे पुढे रुळलं. आणि इथेच कोडं पडलं: धुराड्याच्या बाजूच्या मोठ्या खोलीत, म्हणजे इमारतीच्या ‘जुन्या’ भागात, कड्या उभ्या होत्या. भिंती जुन्या, पण मजला नवा!

बार असलेल्या त्या खोलीत मग मी खूप वेळ काढला. छताच्या मुख्य तुळईची खालची कड तिरपी तासलेली होती आणि त्या तासणीचा शेवट दोन्हीकडे छोट्या वळणदार नक्षीने केलेला होता. अशी नक्षी जिथे तुळई भिंतीला भेटते तिथे करतात, म्हणून खोलीचा मूळ शेवट कुठे होता ते तिच्यावरून समजतं. धाकट्या खोलीच्या तुळईवर मात्र ती नक्षी खोलीच्या मध्यावरच संपत होती. त्या जागी तुळईच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं तर एका ओळीत भोकं लागत होती, मध्ये मध्ये मोठ्या रिकाम्या खाचा. मोठ्या खाचा खांबांच्या. लहान भोकं कुडाच्या काठ्यांची. ओकच्या काठ्या उभ्या रोवायच्या, त्यांच्यात हेझलच्या फांद्या विणायच्या, दोन्ही अंगांनी माती, शेण आणि गवत कालवून लिंपायचं: आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंतींसारखंच काम. तिथे एक कुड होता आणि तो कुणीतरी काढला. त्या कुडाच्या पलीकडे पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जाणारी वाट होती. दोन्ही दारांच्या चौकटी अजून समोरासमोर आहेत, मागची आता कपाट झाली आहे.

तेव्हा नुसत्या बोटांनी मला एक भिंत सापडली होती. लेझर स्कॅनर आमच्याकडेही होता आणि तो मी नाकारत नाही. काही मिनिटांत खोलीतले लाखो बिंदू टिपतो आणि आमचे कर्ण बरोबर आले की नाही ते त्याच्यावरूनच तपासलं. पण तुळईच्या खालच्या अंगाला अंधारात भोकं आहेत हे त्याला विचारावं लागतं. हाताने मोजताना माणूस त्या तुळईपाशी इतका वेळ शिडीवर उभा असतो की ती आपणहून दाखवते.

शेवटी पोटमाळा. तिथे जायला एका कपाटातून शिडी लावावी लागली. हेल्मेट, मास्क, डोक्यावर दिवा, आणि पाय फक्त तुळयांवर ठेवायचा. मार्गदर्शकांनी बजावलं होतं की कैच्यांवरचे आकडे शोधायचे. सुतार सगळा सांगाडा आधी आपल्या अंगणात आडवा जुळवून बघत, प्रत्येक जोडावर खूण करत, मग सुटा करून जागेवर नेऊन पुन्हा उभा करत. खुणा रोमन आकड्यांच्या, कारण सरळ रेघा पटाशीने पटकन पडतात. चार बहुतेकदा चार उभ्या रेघांनीच लिहिलेला असतो.

पहिल्या कैचीवर एक रेघ सापडली. दुसरीवर दोन. मग धुराड्याचा दगडी दंडगोल आडवा आला. त्याला वळसा घालून पलीकडे गेले, तर पुढच्या कैचीवर चार रेघा. त्यापुढे पाच. कमानीच्या खणाला वेगळे आकडे, पुन्हा एकपासून आणि वेगळ्या हाताने कोरलेले.

तिसरी कैची नव्हती. जिथे ती असायला हवी, बरोबर तिथे धुराडं उभं होतं, आणि दोन्हीकडच्या आडव्या तुळयांची कापलेली टोकं त्याच्या दगडात रुतलेली होती.

आणि दुसऱ्या आणि चौथ्या कैचीच्या मधले सगळे वासे काळे होते. रंगाने नव्हे. बोट लावलं तर चकाकणारी, कडक झालेली काजळी. पहिल्या खणाचे वासे स्वच्छ, शेवटच्याचे स्वच्छ, फक्त मधले दोन खण काळे. काजळी धुराड्याच्या मागे झाकल्या गेलेल्या वाशांवरही होती, जिथे धुराडं बांधल्यावर धूर पोचणं शक्यच नाही. याचा अर्थ एकच. या दोन खणांना एकेकाळी मजला नव्हता. जमिनीपासून छपरापर्यंत ते एकच उंच दालन होतं, मधोमध जमिनीवर उघडी आग पेटायची आणि धूर वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. पुढे कुणीतरी तिसरी कैची कापून धुराडं बांधलं. आता धूर दालनात येईना, म्हणून मध्ये मजला घातला, त्या काळच्या नव्या पद्धतीने, उभ्या कड्यांचा. इंग्लंडभर खेड्यापाड्यांतल्या घरांमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात हेच घडलं. पण पुस्तकात वाचणं वेगळं, आणि गहाळ आकड्यावरून ते स्वतःच्या हातांनी शोधणं वेगळं. मी वरून ओरडून सांगितलं, तेव्हा खाली बारमध्ये बसलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

धुराड्याबद्दल आणखी एक. शेकोटीवरच्या तुळईवर थेंबाच्या आकाराचे जळके डाग होते, ओळीने. मेणबत्ती विसरल्यामुळे असे डाग पडत नाहीत. प्रयोग करून पाहिलेल्यांना आढळलं आहे की ज्योत मुद्दाम कोन साधून बराच वेळ धरावी लागते. घराला आगीपासून किंवा वाईट शक्तींपासून राखायला ते करत असावेत असं अभ्यासक मानतात. अशा राखणीची जिवंत परंपरा पाहायची तर वुस्टरशरमधल्या ब्रेटफर्टन गावातलं फ्लीस इन पाहावं. मूळचं मध्ययुगीन शेतकऱ्याचं घर, १८४८ मध्ये त्याला दारूचा परवाना मिळाला, आणि त्याच घराण्यातल्या लोला टॅप्लिन यांनी १९७७ मध्ये मृत्युपत्राने ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिलं. तिथे शेकोट्यांपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली आहेत: चेटकीण धुराड्यातून उतरली तर त्यांच्यापुढे येऊ नये म्हणून. २००४ मध्ये फ्लीसच्या गवताच्या छपराला आग लागली, आणि २००५ मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडलं. जे जळालं ते कसं होतं हे माहीत असल्याशिवाय अशी दुरुस्ती होत नाही. मोजणीची कागदं कशाला हवीत, असं कुणी विचारलं की मी फ्लीसचं नाव घेते.

आमच्या इनमध्येही कागदं लगेच उपयोगी पडली. कमानीजवळच्या एका खांबाचा पाय सिमेंटच्या गिलाव्याआड कुजलेला निघाला. सिमेंट पाणी आत येऊ देत नाही असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते केसाएवढ्या भेगांतून आत गेलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि ओक त्या ओलीत आतल्या आत भुसभुशीत होतो. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि वाऱ्याला परत देतो. पण संरक्षित इमारतीत परवानगीशिवाय असा बदल करणं १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून आधी अर्ज. अर्जाला आमचे प्लॅन, सेक्शन आणि त्या खांबाचं मोठ्या मापाचं रेखाटन जोडलं. स्थानिक प्रशासनाच्या जतन अधिकारी बाई स्वतः शिडीवर चढून बघून गेल्या. परवानगी मिळायला वेळ गेला, तो मला योग्यच वाटला.

सुतार गावाजवळचाच होता. अख्खा खांब बदलायचा विचार त्याने मनातही आणला नाही. कुजलेलं तेवढंच कापलं, चांगल्या लाकडाला तिरपा लांब जोड देऊन नव्या ओकचा पाय बसवला, खुंट्या ठोकल्या आणि नव्या तुकड्यावर वर्ष कोरलं, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता: इमारतीला कुठल्यातरी कल्पित ‘मूळ’ रूपात परत नेऊ नका, आहे ते नीट दुरुस्त करा. हे मी व्याख्यानात ऐकलं होतं. त्या सुताराच्या कामात ते मी पाहिलं.

वर्षवलयांवरून तारीख लागावी म्हणून कैच्यांच्या लाकडातून पेन्सिलीएवढे नमुनेही काढवून घेतले. त्यासाठी लाकडात पुरेशी, साधारण पन्नासाहून अधिक वलयं लागतात, आणि साल किंवा तिच्या अगदी लगतचं शेवटचं वलय टिकलेलं असेल तर झाड तोडल्याचं वर्षसुद्धा सांगता येतं. आमचा ओक भराभर वाढलेला निघाला, वलयं रुंद आणि थोडी. तारीख लागली नाही. त्यामुळे अंतिम नकाशावर मी वर्षं लिहिली नाहीत, क्रम लिहिला: उंच दालन आधी, कमानीचा खण त्यानंतर, धुराडं आणि मजला सर्वांत शेवटी. प्रत्येकाला वेगळा रंग.

धुराड्याच्या रंगाबद्दल माझं आणि मार्गदर्शकांचं अजून एकमत नाही. शेकोटीवरच्या तुळईच्या नक्षीवरून मी ते १६०० च्या आसपासचं धरते. त्यांना ते पन्नास वर्षं पुढचं वाटतं, दगडांच्या घडणीवरून. ती तुळई चांगली रुंद आहे आणि तिच्या एका टोकाला मला दाट वलयं दिसली आहेत. तिचा नमुना घेतला तर वाद मिटेल. अर्ज केला आहे. मालकीणबाईंनी होकार दिला आहे, फक्त त्यासाठी शेकोटी थंड हवी आणि बारमध्ये गर्दी नको, म्हणून मे महिन्यातला एखादा मंगळवार बघा असं त्यांनी कळवलं आहे.